गट-गण रचनेत आमचं गाव नदीपल्याड गेलं. हरकत घ्यावी का?

माळरान
जिल्हा परिषद गट आणि पंचायत समिती गणांची प्रारूप रचना या आठवड्यात लागली. तहसील कचेरीच्या फलकावरच्या नकाशाचा फोटो गावच्या ग्रुपवर आला. फोटो काढणाऱ्याचा अंगठा नेमका आमच्या गावावर. शेवटी खालचा तक्ता वाचून कळलं की आमचं गाव आणि शेजारची चार गावं आजवर ज्या गटात होती तिथून उचलून नदीपल्याडच्या गटात टाकली आहेत. मधल्या बंधाऱ्यावरचा पूल पावसाळ्यात पाण्याखाली असतो. तेव्हा पल्याड जायचं तर पार तालुक्याच्या गावाला वळसा. तिकडच्या गावांशी आमची ना सोयरीक, ना बाजार, ना शाळा.

हरकतीला २१ जुलै २०२५ पर्यंत मुदत आहे. हरकत घेऊन काही होतं का, की नुसता पोच म्हणून शिक्का मिळतो? आणि लिहायची कशी? कुणी अनुभव घेतला असेल तर सांगा. पक्षांची नावं घेऊन भांडू नये ही विनंती.

बारा_भानगडी
गट-गणाच्या धाग्यावर राजकारण नको म्हणजे उरुसात जाऊन गर्दी नको म्हणण्यासारखं आहे. बाकी चालू द्या, मी सतरंजी टाकून बसलोय.

लोकल_पकडणारा
हे गट आणि गण म्हणजे नक्की काय? आमच्या मुंबईत सोपं आहे. एक वॉर्ड, एक नगरसेवक. तोही २०२२ पासून नाहीच, म्हणजे अजूनच सोपं.

अव्वल_कारकून
महसुलात नोकरी झाली, तीनदा या कामाला जुंपला गेलो होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गट म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ. एका गटाच्या पोटात दोन गण, गण म्हणजे पंचायत समितीचा मतदारसंघ. गट तालुक्याची हद्द ओलांडत नाही. जिल्हा परिषदेत किमान ५० आणि कमाल ७५ सदस्य. आधी जिल्ह्याचे एकूण गट ठरतात, मग तालुक्याच्या ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात प्रत्येक तालुक्याला किती ते ठरतं. हे झाल्याशिवाय नकाशाला कुणी हात लावत नाही.

समजा तालुक्याची ग्रामीण लोकसंख्या २ लाख आणि वाट्याला आले ५ गट. सरासरी ४० हजारांचा गट, २० हजारांचा गण. यात दहा टक्के वर-खाली चालतं. म्हणजे गट ३६ ते ४४ हजारांत आणि गण १८ ते २२ हजारांत बसला पाहिजे. उत्तरेकडून सुरुवात करून गावं जोडत जोडत दक्षिणेला संपवायचं. ग्रामपंचायत शक्यतो फोडायची नाही. नदी, डोंगर, मोठे रस्ते बघायचे.

आता गोम इथे आहे. वरून गावं जोडत आलं की खाली उरलेली गावं कुठेतरी कोंबावी लागतात. एका टोकाला एक गाव इकडचं तिकडे केलं की त्याचा धक्का थेट दुसऱ्या टोकाला पोचतो. तुमचं गाव हलवलं त्याचं कारण तुमच्या गावात नसेलही.

माळरान, दोन गोष्टी सांगा. तालुक्याचे गट २०१७ पेक्षा कमी झाले का? आणि अलीकडे एखादं मोठं गाव नगरपंचायत झालं का?

माळरान
काका, दोन्हीचं उत्तर हो. एक गट कमी झाला. आणि आमच्या जुन्या गटाचं मुख्य गाव, जिथे आमचा आठवडी बाजार भरतो, तेच मधल्या काळात नगरपंचायत झालं.

अव्वल_कारकून
मग झालं की. जिल्हा परिषद ग्रामीण भागाची. नगरपंचायत झाली त्या दिवशी ती लोकसंख्या हिशेबातून गेली. बाजाराचं गाव तुमच्या गटाचा खांब होता, तो काढला, भोवतालची गावं उघडी पडली. ती वाटून टाकण्यावाचून मार्ग नव्हता.

पुणे जिल्ह्यात यंदा हेच झालंय. २०१७ मध्ये ७५ गट होते, आता ७३. हवेली तालुक्यातली गावं महापालिकेत जात राहिली, २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३. त्यामुळे हवेलीचे गट एकदम आटले.

शिट्टी_वाजवणारा
काका, तुम्ही फार सरळ माणसं. ज्याने चार निवडणुका बघितल्यात त्याला विचारा. कुठलं गाव कुणाच्या मागे उभं राहतं हे तहसीलदारापेक्षा जास्त पाठ असलेली माणसं तालुक्यात असतात. 'शक्यतो' आणि 'भौगोलिक सलगता' या शब्दांच्या फटीतून काय काय जातं ते आम्ही पाहिलंय. आमच्याकडे एक गट असा केला होता की नकाशावर मधे कंबर, दोन्हीकडे पसारा. त्या कंबरेत एकच वस्ती, तीही धरणात गेलेली.

बारा_भानगडी
धरणग्रस्तांना इतकं मधोमध स्थान आजवर कुणी दिलं नव्हतं.

अव्वल_कारकून
शिट्टीभाऊ, फोन येत नाहीत असं मी म्हटलेलं नाही. पण फोन आला तरी दहा टक्क्यांची चौकट मोडता येत नाही. चौकटीच्या आत जे काही करायचं ते होतं.

शेवंता
मी एकदा पंचायत समितीला निवडून आले होते, महिला राखीव गणातून. पुढच्या वेळी आरक्षण फिरलं आणि गणही उभा कापला. अर्धी गावं इकडे, अर्धी तिकडे. ज्या गावच्या अंगणवाडीला खोली मिळावी म्हणून सभेत बसून भांडले, ते गाव आता माझ्या गणातच नाही, मग मत कुठून देणार! पण ते असू द्या.

माळरान दादा, तुमचा प्रश्न नदीचा आहे, तो खरा आहे. सदस्य पल्याडचा असला की पावसाळ्यात तो तुमच्याकडे येणार नाही. वाईट माणूस असतो म्हणून नाही. त्याच्या दारात रोज तिकडचीच माणसं उभी असतात. निधी समोर दिसणाऱ्या माणसाच्या गावाला जातो, हे मी आतून बघितलंय. हरकत घ्याच.

लोकल_पकडणारा
एक शंका. मुळात झेडपीला उरलंय काय? पैसा थेट ग्रामपंचायतीला, योजना ऑनलाइन, कलेक्टर सगळं बघतात. मार्च २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांत प्रशासक आहेत. कुणाचं काय अडलं?

शेवंता
दादा, तुमच्याकडे लोकल बंद पडली की ट्विटरवर बोंब होते. आमच्याकडे प्राथमिक शाळेचं छत गळतं, शिक्षक दोन वर्गांना मिळून एक असतो, आरोग्य उपकेंद्राला कुलूप असतं, पाणी योजनेची मोटर जळते. ही सगळी खाती जिल्हा परिषदेची. प्रशासक असताना हे कुणाला सांगायचं ते सांगा. सीईओ साहेबांची भेट घ्यायला जिल्ह्याला जायचं, चिठ्ठी द्यायची, बाकावर बसायचं. सदस्य निदान लग्नात तरी भेटतो. तिथे धरता येतो.

लोकल_पकडणारा
लग्नात धरता येतो हा मुद्दा बिनतोड आहे. माघार.

टेक्सासकर
इकडे डॅलस-फोर्ट वर्थ परिसरात राहतो. धागा वाचून राहवलं नाही, कारण आमच्या शेजारच्या काउंटीत सध्या हेच रण पेटलंय.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. टेक्सासमध्ये काउंटीचा कारभार पाच जणांकडे असतो. एक अध्यक्ष, तो काउंटीभरातून निवडून येतो, आणि चार विभागांतून चार कमिशनर. रस्ते, तुरुंग, काउंटीचं इस्पितळ असली खाती यांच्याकडे. आणि चार विभागांच्या रेषा कोण आखतं? हेच पाच जण!

एरवी दर दहा वर्षांनी जनगणना झाली की रेषा बदलतात. पण टॅरंट काउंटीत, म्हणजे फोर्ट वर्थ-अर्लिंग्टनकडे, यंदा ३ जूनला मधेच नवा नकाशा मंजूर केला. ३ विरुद्ध २ मतांनी. रिपब्लिकन तिघे बाजूने, डेमोक्रॅट दोघे विरोधात. नव्या नकाशात एका डेमोक्रॅट कमिशनरबाईंचा विभाग असा फिरवलाय की पुढच्या वेळी त्यांना जड जावं. बहुमत वाढवण्यासाठी केलं, असं उघड बोललं जातं आणि त्याची कुणाला लाजही वाटत नाही. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की पक्षीय फायद्यासाठी रेषा ओढल्या तर संघराज्याची न्यायालयं त्यात पडणार नाहीत.

शिट्टी_वाजवणारा
म्हणजे आपल्याकडे जे फोनवर होतं ते तिकडे ठराव करून होतं.

टेक्सासकर
अगदी. पण एक गोष्ट तिकडे भांडून मिळवलेली आहे, ती सांगतो. याच टेक्सासात मिडलंड काउंटी आहे, तेलवाल्यांची. १९६०च्या दशकात तिथे चार विभाग होते. एका विभागात जवळजवळ सगळं मिडलंड शहर, लोकसंख्या ६७,९०६. उरलेल्या तीन विभागांत ८५२, ४१४ आणि ८२८.

एक्सेल_वीर
थांबा. ४१४??

टेक्सासकर
हो, चारशे चौदा. ४१४ माणसांना एक कमिशनर आणि ६८ हजारांना एक. शेतीवाल्या भागाचे रस्ते जास्त म्हणून त्यांना जास्त सदस्य, असं समर्थन केलं जायचं. एव्हरी नावाचा मतदार कोर्टात गेला आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की एक माणूस, एक मत हे तत्त्व काउंटीलाही लागू. त्याआधी ते राज्याच्या विधिमंडळापर्यंतच आलं होतं. आता ढोबळ नियम असा की सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान विभागांतला एकूण फरक दहा टक्क्यांच्या आत असला तर सहसा चालतो. तुमच्याकडे सरासरीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा, म्हणजे प्रत्यक्षात वीस.

कलम_बहाद्दर
टेक्सासकरांनी उत्तम माहिती दिली. आपल्याकडे यासाठी कोर्टात जायची गरज पडली नाही, कारण ७३ व्या घटनादुरुस्तीने ते लिहूनच ठेवलंय. अनुच्छेद २४३-क नव्हे, २४३-सी, खंड दोन: मतदारसंघाची लोकसंख्या आणि जागा यांचं गुणोत्तर शक्य तितकं सारखं हवं.

पण त्याच दुरुस्तीत २४३-ओ आहे. मतदारसंघांच्या सीमा ठरवणाऱ्या किंवा जागा वाटून देणाऱ्या कायद्याच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देता येत नाही. निवडणूक जाहीर झाली की कोर्ट सहसा हात घालत नाही. म्हणून माळरान, हरकत हीच तुमची खरी संधी. 'नंतर रिट करू' म्हणून कुणी सल्ला देत असेल तर त्याची फी आधी विचारा.

आणखी एक. हे गट पाडायचं काम पूर्वी राज्य निवडणूक आयोग करून घ्यायचा. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून ते सरकारकडे घेतलं. त्याच वर्षी सदस्यसंख्या ५५ ते ८५ केली, त्याप्रमाणे गट पाडून झाले, सरकार बदललं, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा ५० ते ७५. मुंबईचंही तेच, २२७ चे २३६ केले आणि परत २२७. तिकडे ओबीसी आरक्षणाचा खटला चालूच होता. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला सांगितलं की निवडणुका घ्या, तेव्हा ही गाडी हलली. आधीच्या सरकारने वाढवलं, नंतरच्याने कमी केलं. दोघांनाही आपापल्या वेळी लोकशाहीची काळजी होती.

बारा_भानगडी
पक्षांची नावं न घेता भांडण कसं करावं याचा आदर्श प्रतिसाद. माळरान, खूश का?

बालाघाटी
एक मुद्दा कुणी काढला नाही. ही सगळी रचना २०११ च्या जनगणनेवर चाललीय, कारण २०२१ ची झालीच नाही. आता ती २०२७ ला. चौदा वर्षांपूर्वीची माणसं मोजून आजचे गट.

हिंजवडीचं बघा. अजून ग्रामपंचायतच आहे. २०११ नंतर तिथे किती टॉवर उभे राहिले? हिशेबात मात्र ती माणसं नाहीतच. आणि आमच्या बीडकडे उलटं. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. फेब्रुवारीत आमची अर्धी गावं कुठे असतात? ऊसतोडीला, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, कोप्यांमध्ये म्हणजे झोपड्यांत. मोजणीच्या पूर्ण काळात घरी नसलेला माणूस जिथे सापडेल तिथे मोजायचा, असा नियम. म्हणजे मत इथलं, आकडा कारखान्यावरचा. मग आमच्या तालुक्याला गट कमी का आला म्हणून विचारायचं कुणाला?

अव्वल_कारकून
मुद्दा रास्त आहे. मी स्वतः प्रगणकांच्या बैठका घेतल्यात. कुलूपबंद घर दिसलं की प्रगणक शेजाऱ्याला विचारायचा, शेजारी म्हातारा सांगायचा 'हायेत की, येतील पाडव्याला', आणि पुष्कळदा नावं गावातच लागायची. सगळी गेली नाहीत, सगळी राहिलीही नाहीत.

टेक्सासकर
बालाघाटी, याची अमेरिकी बहीण ऐका. तिकडे जनगणनेत कैद्यांना तुरुंगाच्या पत्त्यावर मोजतात आणि बहुतेक राज्यांत कैद्यांना मत नाही. आयोवात अ‍ॅनामोसा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका वॉर्डात सुमारे १,४०० लोकसंख्या, त्यातले १,३०० च्या आसपास तुरुंगातले. २००५ मध्ये त्या वॉर्डातून एक गृहस्थ दोन मतांनी निवडून आले. दोन मतांच्या फरकाने नाही, एकूण मतंच दोन पडली. त्यांनी उमेदवारी अर्जही भरला नव्हता.

बारा_भानगडी
आमच्या तालुक्यात असा वॉर्ड निघाला तर अर्ज तुरुंगातूनच येतील. मतं मात्र नक्की दोनापेक्षा जास्त.

घाटाखालचा
देशावरच्या मंडळींचं नदीवरून चाललंय. आमच्याकडे कोकणात गाव म्हणजे एक ठिकाण नसतंच. आठ-दहा वाड्या, एक डोंगरावर, एक खाडीला. एका गणाची दोन टोकं कागदावर शेजारी असतात आणि मधे डोंगराचा कडा उभा. पायवाटेने तासाभरात, गाडीने दुपार जाते. अधिकाऱ्याने नकाशावर सलगता बघितली, वाट बघितली नाही. हरकतीत आम्ही एसटीचं वेळापत्रक जोडलं होतं, गणाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला दोन गाड्या बदलाव्या लागतात म्हणून. सुनावणीत साहेबांनी ते वाचलं, हसले आणि म्हणाले, ही गाडी अजून चालते का? नव्हती चालत, खरं सांगायचं तर. पण हरकत अर्धी मान्य झाली.

शिट्टी_वाजवणारा
अर्धी म्हणजे?

घाटाखालचा
गट तोच राहिला, गण बदलला.

अव्वल_कारकून
घाटाखालच्यांनी लाख रुपयांची गोष्ट सांगितली. मी तिथेच येणार होतो.

गटाची रेषा हलवली की शेजारच्या गटाला धक्का, तिथून पुढच्याला. विभागीय आयुक्तांपुढे सुनावणी होते तेव्हा त्यांना निस्तरायला वेळ नसतो आणि इच्छाही नसते. पण गटाच्या पोटातली गणांची रेषा हलवली तर बाहेर कुणाला काही कळतही नाही. ती मागणी मान्य होण्याची शक्यता कितीतरी जास्त.

लिहायचं असं. पहिल्या परिच्छेदात गाव, गट, गण यांचे क्रमांक. दुसऱ्यात नियम कुठला मोडला ते. तिसऱ्यात पर्याय, गावांच्या नावांसकट आणि आकड्यांसकट. 'ग्रामस्थांत तीव्र संताप आहे', 'राजकीय हेतूने', 'उपोषणास बसू' यातलं एकही वाक्य नको. शंभर हरकतींत ऐंशी अशा असतात आणि त्या सगळ्या एकाच शेऱ्यात निकाली निघतात. ग्रामसभेचा ठराव जोडा. पुराच्या वेळचा पुलाचा फोटो जोडा, तारीख दिसेल असा. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, मुदतीत, पोच घेऊन.

एक्सेल_वीर
माळरान, तक्त्याचा स्पष्ट फोटो टाकता का? अंगठ्याशिवायचा. गावनिहाय लोकसंख्या दिली की पर्याय काढून देतो.

माळरान
टाकलाय. नदीअल्याडची आमची पाच गावं वेगवेगळ्या गणांत आहेत. तीन एका गणात, दोन दुसऱ्यात. हे आत्ता नीट वाचताना लक्षात आलं.

एक्सेल_वीर
झालं काम. पाचही गावं एका गणात आणून त्या बदल्यात पल्याडच्या दक्षिणेकडची दोन गावं दुसऱ्या गणात सरकवली तर पहिला गण सरासरीच्या ४ टक्के वर जातो, दुसरा ४ टक्के खाली. दोन्ही चौकटीत. सगळी गावं सलग राहतात, एकही ग्रामपंचायत फुटत नाही. तक्ता निरोपात पाठवलाय.

गटही बदलता येतो का ते करून बघितलं. तुम्हाला उत्तरेच्या गटात टाकलं तर तो १३ टक्के वर जातो. मग त्यातली गावं काढून पुढच्यात, पुढच्यातली काढून त्याच्या पुढच्यात. तालुकाभर सात गावं हलवावी लागतात. ती सात गावं तुमच्यावर हरकत घेतील.

शिट्टी_वाजवणारा
म्हणजे पल्याडच्या गटात राहायचं हे मान्य करूनच टाकायचं? मला पटत नाही. दोन्ही मागा. मुख्य मागणी गटाची, पर्यायी गणाची. आधीच खाली बसलं की उठवायला कुणी येत नाही.

कलम_बहाद्दर
शिट्टी यांच्याशी प्रथमच सहमत. 'मुख्य मागणी अमान्य झाल्यास' असं लिहून दुसरी घाला. रीतसर पद्धत आहे.

अव्वल_कारकून
दोन लिहिल्या की साहेब सोपी तेवढी उचलतात आणि 'अंशतः मान्य' लिहितात, हेही खरं. तुम्हाला तेच हवं असेल तर हरकत नाही.

बारा_भानगडी
'हरकत नाही' या शब्दाला या धाग्यावर बंदी घाला.

सासुरवाडी_पल्याड
मी माळरानच्या वर्णनातल्यासारख्याच एका नदीच्या पल्याडची. आम्हालाही विचारा की! आमच्या गटात अल्याडची पाच गावं आली, आमचा उमेदवार आता त्या पाच गावांतली जत्रा-मयतं करत फिरणार. गटाला नाव कुणाचं यावरूनच आमच्याकडे दोन गावांत तोंडं फिरलीत. सगळ्यात जास्त लोकसंख्येच्या गावाचं नाव गटाला देतात. दुसरं गाव म्हणतंय २०११ नंतर आम्हीच मोठे झालो.

टेक्सासकर
रेषा कोणी ओढाव्यात यावर कुणी बोललं नाही. लॉस एंजेलिस काउंटीत लोकसंख्या कोटीच्या घरात आणि बोर्डावर माणसं फक्त पाच. एकेका माणसामागे वीस लाख लोक. तिथल्या रेषा लॅटिनो मतं फोडण्यासाठी ओढल्यात असं कोर्टाने १९९० मध्ये ठरवलं, नकाशा बदलला आणि १९९१ मध्ये ग्लोरिया मोलिना निवडून आल्या, त्या बोर्डावरच्या पहिल्या लॅटिना. २०२१ पासून रेषा ओढायचं काम चौदा नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे आहे. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी पाचाचे नऊ करायला मंजुरी दिली.

उलट टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन काउंटीत २०२१ मध्ये काळ्या आणि लॅटिनो मतदारांचं बहुमत असलेला एकमेव विभाग मोडला. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी नकाशा रद्द केला. वरच्या कोर्टाने २०२४ मध्ये तो निकाल फिरवला, कारण दोन वेगळ्या समाजांना एकत्र येऊन असा दावा करता येत नाही म्हणे. मला तरी तुमचे जिल्हाधिकारी बरे वाटतात. त्यांना स्वतःला निवडून यायचं नसतं.

शिट्टी_वाजवणारा
त्यांना बदली मात्र हवी असते, चांगल्या जिल्ह्यात.

शेवंता
नकाशाच्या नादात सोडत विसरू नका. आपल्याकडे रेषेपेक्षा चिठ्ठी मोठी. एवढा जोर लावून गट मनासारखा करून घेतला आणि सोडतीत भलतंच आरक्षण निघालं म्हणून डोक्याला हात लावलेले पुढारी मी बघितलेत. अर्ध्या जागा बायकांना आहेत, त्यामुळे निम्म्या पुढाऱ्यांचा नकाशा तिथेच फाटतो. मला ते बघायला आवडतं, खोटं कशाला बोलू.

बालाघाटी
फाटत नाही ताई. मग सौभाग्यवतींच्या नावाचा बॅनर लागतो आणि फोटो साहेबांचाच मोठा.

शेवंता
पहिली दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी बाई स्वतः बोलायला लागते. सगळीच नाही, पण लागते.

माळरान
बऱ्याच दिवसांनी आलो. हरकत दिली होती, दोन्ही मागण्या, काकांनी सांगितलेल्या पद्धतीने. ग्रामसभेच्या ठरावाला आधी गणपूर्ती होत नव्हती, मग कुणीतरी वाडीवर ओरडत गेलं की गाव पल्याड चाललंय, तेव्हा माणसं आली.

सुनावणीला आम्ही तिघे गेलो. आमच्या आधी एक गृहस्थ वीस मिनिटं 'लोकशाहीची हत्या' या विषयावर बोलले. साहेबांनी विचारलं, कुठलं गाव कुठे हवंय? ते सांगता आलं नाही. आमच्या वेळी एक्सेल_वीरांचा तक्ता समोर ठेवला. साहेबांनी बाजूच्या अधिकाऱ्याला गणिताची खात्री करायला सांगितली. त्यांनी मोबाइलवर बेरीज केली, मान हलवली. ऑगस्टमध्ये अंतिम रचना आली. गट तोच, पल्याडचा. गण बदलला. पाचही गावं एकत्र.

परवा सोडत झाली. गट ओबीसी महिला, आमचा गण सर्वसाधारण. आमच्याकडे इच्छुकांच्या बैठका सुरू झाल्यात, पल्याडचे ज्येष्ठ पुढारी सध्या फोन उचलत नाहीत.

शिट्टी_वाजवणारा
अभिनंदन. 'अंशतः मान्य' ना? काका बरोबर होते, लिहून ठेवा, मी परत असं म्हणणार नाही.

लोकल_पकडणारा
मी सगळा धागा वाचला आणि आता मला आमच्या वॉर्डाचा नकाशा बघावासा वाटतोय. हे बरं नाही.

शेवंता
माळरान दादा, अजून काम संपलं नाही. आता मतदार यादी. विधानसभेची १ जुलै २०२५ ची यादी घेऊन ती गणाप्रमाणे फोडतात. फोडताना वस्त्या, मळे इकडचे तिकडे जातात. माझ्या वेळी एक अख्खी वस्ती शेजारच्या गणात मतदान करून आली आणि आम्हाला निकालाच्या दिवशी कळलं. प्रारूप यादी काढून घरोघरची नावं जुळवा. मुदत फार थोडी असते.

माळरान
ताई, तुमचा प्रतिसाद वाचून रात्रीच यादी उघडली. मळ्यातल्या वस्तीची नावं खरंच पल्याडच्या गणाच्या यादीत आहेत. उद्या सकाळी तहसीलला अर्ज देतो. काका, नावांसोबत घर क्रमांक दिला की पुरेल ना?

अव्वल_कारकून
घर क्रमांक, यादीचा भाग क्रमांक आणि भागातला अनुक्रमांक, तिन्ही द्या. प्रत्येक मतदाराच्या ओळखपत्राची झेरॉक्स जोडा. आणि पोचेवर तारखेबरोबर वेळही टाकून घ्या, शेवटच्या दिवशी चारनंतर शिक्का सापडत नाही.